गच्चीवरचा सूर्य आणि दारातली मोटार

गच्चीवर सौरपट बसवावेत, दारात विजेवर चालणारी मोटार उभी करावी आणि घराला लागून उरलेल्या विजेवर ती फुकट फिरवावी, असे स्वप्न सध्या आपल्या मध्यमवर्गाला पडू लागले आहे. स्वप्नाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ‘फुकट’ हा शब्द कानी पडला की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा असतो तो हा की, याची पावती कोणाच्या नावे फाटते?

आधी घरचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात 1 किलोवॉट क्षमतेचे सौरपट वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देतात. पावसाळ्यात ती बरीच घटते, उन्हाळ्यात वाढते. म्हणजे 3 किलोवॉटच्या संचातून रोज सुमारे 12 युनिटे मिळतात. बेताने राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबास त्यांतील निम्मी पुरतात. उरलेली 6 युनिटे मोटारीस दिली, तर चार्जिंगमधील गळती वजा जाता ती 30 ते 35 किलोमीटर धावते. पेट्रोलवर याच अंतरास दोन लिटर, म्हणजे दोनशे रुपयांहून अधिक लागतात. त्यातच 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॉटच्या संचास 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. भांडवलाचे व्याज आणि घसारा धरूनही, ज्याच्यापाशी स्वतःचे छप्पर आणि मोटार दोन्ही आहेत, त्याच्यापुरता हा हिशेब बहुधा जुळतो.

अडचण आहे ती वेळेची. सूर्य तळपतो दुपारी, आणि त्या वेळी नोकरदाराची मोटार त्याच्या कचेरीच्या आवारात उभी असते. ती घरी परतते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग दुपारची वीज रात्रीच्या मोटारीत कशी जाते? ती जात नाहीच. दुपारी उरलेली वीज तारांवाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. नेट मीटर तेवढी युनिटे आपल्या खात्यावर जमा करतो आणि रात्री घेतलेल्या विजेतून ती वजा करतो. कागदावर मोटार सूर्यावर चालते. प्रत्यक्षात रात्री तिच्यात जाणारी वीज मुख्यतः चंद्रपूर किंवा कोराडीच्या कोळशाची असते. वीजमंडळाचे जाळे येथे पेढीचे काम करते, आणि ही पेढी अशी की, दुपारची स्वस्त ठेव स्वीकारून ती सायंकाळी, मागणी शिगेला पोचलेली असताना, महाग नाण्यात परत करते. व्याज घेत नाही, हमाली घेत नाही.

अशी पेढी किती काळ चालेल? ठेवीदार मोजके असतात तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. ते वाढले की काय होते, हे पाहावयास परदेशांची उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 2009 साली छपरावरच्या अतिरिक्त विजेस युनिटमागे 60 सेंटचा दर देऊ केला होता. 2025-26 या वर्षासाठी तेथील नियामकाने नव्या अतिरिक्त विजेचा किमान दर ठरविला तो 0.04 सेंट! दुपारी सर्वांच्याच छपरांवरून वीज वाहू लागली आणि तिला गिऱ्हाईक उरले नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासूनच्या नव्या अर्जदारांसाठी अतिरिक्त विजेचा मोबदला सुमारे पाऊणपट कमी केला. नेदरलँड्सने तर युनिटास युनिट वजा करण्याची पद्धत 1 जानेवारी 2027 पासून बंद करण्याचा कायदा 2024 मध्येच संमत केला.

या घटनांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अतिरिक्त युनिटाची खरी किंमत म्हणजे ते दुसऱ्यास दिले असता जे मिळाले असते ती. आपल्याकडे नेट मीटरमुळे ती पूर्ण किरकोळ दराइतकी आहे. म्हणून मोटार दुपारी चार्ज केली काय आणि रात्री केली काय, ग्राहकाला फरक पडत नाही. व्हिक्टोरियात ती जवळजवळ शून्यावर आली, आणि तेथील गृहस्थ दुपारी मोटार दारात कशी राहील या विवंचनेत पडला. छपरावरील वीज उरेल तेवढीच मोटारीला देणारी यंत्रे त्यातूनच तेथे रूढ झाली. मोटारीला किमान 6 अँपियर, म्हणजे सुमारे 1.4 किलोवॉट पुरवठा लागतो. निरभ्र दुपारी चार तास एवढ्या संथ गतीने चार्जिंग केले तरी दिवसाचा प्रवास भागतो. घाई करावी लागत नाही, मोटार तेथे उभी मात्र असावी लागते.

आता पावतीचा प्रश्न. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि कर्मचारी यांचा खर्च छपरावर सौरपट आले म्हणून कमी होत नाही. ज्याचे बिल शून्याजवळ जाते, त्याच्या वाट्याच्या या खर्चाचा मोठा भाग उरलेल्यांच्या दरात मिसळतो. हे उरलेले कोण? चाळीत राहणारा कारकून, भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी, आणि सातमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा शिक्षक, ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे पण मालकीची गच्ची नाही. तो मोटार नव्हे, फार तर विजेवरची स्कूटर घेऊ शकतो, आणि तीही तळमजल्यावर चार्ज करण्याबाबत सोसायटीच्या सभेत त्याला झगडावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, सौरऊर्जेच्या प्रसाराला आत्ताच खोडा का घालता? आक्षेप रास्त आहे. छपरावरची वीज कोळसा वाचविते, आणि दुपारी ती जवळच वापरली गेली तर तारांमधील गळतीही टळते. ज्यांनी आजच्या नियमांवर विसंबून कर्ज काढले आहे, त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढणे अन्यायाचे होईल. म्हणून नेट मीटर एकाएकी मोडू नये. नव्या ग्राहकांसाठी तो टप्प्याटप्प्याने, पूर्वसूचना देऊन बदलावा. परंतु त्याआधी दुपारच्या विजेला गिऱ्हाईक निर्माण करावे.

त्यासाठी तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, दुपारच्या विजेचा दर रात्रीच्या मानाने ठळकपणे कमी असावा आणि ती सवलत छप्पर नसलेल्यालाही मिळावी. दुसरी, शाळा, महाविद्यालये, जिल्हा परिषदा, बँका यांच्या आवारांत, जेथे वाहने दिवसभर उन्हात उभी असतात, तेथे मीटर लावलेले साधे प्लग द्यावेत. त्यावर सौरपटांचे छप्पर घातले तर सावलीही मिळेल. तिसरी, ‘पीएम सूर्यघर’ योजनेतच गृहनिर्माण संस्थांना वाहन-चार्जिंगसह सामायिक सोयींसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपयांची तरतूद आहे. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी तिचा पाठपुरावा केला पाहिजे, आणि सभासदांनी तो त्यांच्याकडून करवून घेतला पाहिजे.

सूर्य कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही. गच्च्या मात्र चढलेल्या आहेत. दुपारच्या या विपुलतेचे वाटप गच्चीच्या मालकीवर होणार की गरजेवर, याचा निर्णय आज, ठेवीदार मोजके असतानाच, घ्यावयाचा आहे. उद्या पेढीचा आतबट्ट्याचा व्यवहार उघडा पडला, तर तो भरून काढण्याचा भार ज्यांनी तीत कधी ठेवच ठेवली नव्हती, त्यांच्यावरच पडेल.