विसराळूस माफी, नवख्यास दंड

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला फाटक नाही, बसमध्ये कंडक्टर नाही आणि फलाटावर जाताना कोणी हटकत नाही, हे पाहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेला आपल्याकडचा मनुष्य प्रथम चकित होतो आणि मग तेथील जनतेच्या प्रामाणिकपणाची मुक्तकंठाने स्तुती करू लागतो. ही स्तुती अस्थानी नाही. कारण एकाच तिकिटावर रेल्वे, ट्राम आणि बस यांतून दोन तासांपर्यंत एका दिशेने जाता यावे, असा चोख बंदोबस्त ज्या शहराने केला, त्याने उतारूंवर विश्वास टाकावा आणि त्यांनी तो सार्थ करावा, यात नवल ते काय? परंतु या विश्वासाची कसोटी नियम मुखोद्गत असलेल्या रहिवाशापाशी लागत नाही, ती नवख्या माणसापाशी लागते. आणि तेथे ही व्यवस्था अनुदार ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाड्यासाठी या शहराचे ए, बी आणि सी असे तीन पट्टे पाडले आहेत, आणि २०२० साली सुरू झालेला विमानतळ नेमका शहराच्या हद्दीबाहेर, सी पट्ट्यात आहे. शहरात सर्वत्र चालणारे एबी तिकीट घेऊन जो विमानतळाकडे निघाला, किंवा यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर फलाटावरील पेटीत छाप उमटवून घ्यायचे ज्याला ठाऊक नव्हते, त्याच्यापुढे साध्या वेषातील तपासनीस उभा राहिला, की पदरचे पैसे मोजूनही तो विनातिकीट ठरतो आणि ६० युरो दंडास पात्र होतो. याउलट, स्वतःच्या नावाचा मासिक पास घरी विसरलेल्या रहिवाशाने तो मागाहून कचेरीत दाखविला, तर किरकोळ शुल्कावर त्याची सुटका होते. २०२३ च्या मे महिन्यापासून सबंध देशात चालणारे मासिक तिकीट निघाले आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याला पट्ट्यांचा घोळ उरला नाही हे खरे. पण तेही वर्गणीदारालाच मिळते, काल उतरलेल्या पाहुण्याला यंत्रातून काढता येत नाही. म्हणजे विस्मरणास माफीची तरतूद आहे, अज्ञानास नाही!

आपल्या एस.टी.चा कंडक्टर चुकीच्या गाडीत चढलेल्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावील, पण पुढच्या थांब्यावर उतरवून योग्य गाडी कोणती तेही सांगेल. कंडक्टरची जागा रिकामी केल्याने खर्च वाचला असेल. मात्र चूक घडण्यापूर्वी ती दाखविणारा माणूसही त्यासरशी गेला, आणि जो उरला तो चूक घडल्यानंतरच भेटणारा.

अज्ञानाची सबब मान्य केली, तर प्रत्येक लबाड तीच पुढे करील, हा आक्षेप उघड आहे. परंतु ज्याच्या हाती तिकीटच नाही तो इसम आणि ज्याच्या हाती चुकीच्या पट्ट्याचे वा छाप नसलेले तिकीट आहे तो इसम, यांतील भेद कोणत्याही तपासनिसास उमगण्याजोगा आहे. दुसऱ्याचे नाव नोंदवून, पहिल्या वेळी भाड्यातील फरक तेवढा वसूल करावा आणि पुन्हा तीच कसूर झाल्यास खुशाल पूर्ण दंड ठोठवावा. विसरलेल्या पासासाठी जो कारकून दप्तर उघडतो, त्याला एवढी नोंद ठेवणे जड जाऊ नये.