रेषेची दिशा

दूध, गूळ आणि तालमी यांच्या लौकिकावर पोसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात बालकांच्या पोषणाची चिंता वाहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनात उद्भवेल. परंतु समृद्धी प्रत्येक पाळण्यापर्यंत पोचतेच असे नाही, आणि ती पोचली की नाही याची निःपक्षपाती साक्ष अंगणवाडीतील वजनकाटा व वाढीचा तक्ता हेच देऊ शकतात. डेव्हिड मोर्ले या इंग्रज वैद्याने नायजेरियातील खेड्यांत रूढ केलेली ही पद्धती आपल्याकडे १९७५ साली आरंभलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे गावोगावी आली. आज वापरात असलेली प्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली, भारतासह सहा देशांतील बालकांच्या मोजमापांवरून, प्रसिद्ध केली.

तक्त्याचे मर्म वजनाच्या एखाद्या नोंदीत नसून त्या नोंदी जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत आहे. हिरव्या, म्हणजे योग्य वजनाच्या, पट्ट्यातील तान्ह्या बाळाची रेषा महिनोन्‌महिने आडवी राहिली, तर बाळ अद्याप हसतेखेळते दिसत असतानाच ती आजाराची किंवा अपुऱ्या आहाराची वर्दी देते. डोळ्यांना कृशता दिसेपर्यंत थांबणे म्हणजे मोलाचा काळ दवडणे होय.

आम्हांस विशेष काळजी वाटते ती मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांची. बालक फडावर आणि त्याचा तक्ता मूळ गावच्या दफ्तरात, अशी ताटातूट झाली की रेषा ऐन हंगामात खुंटते. कारखान्यांच्या चालकांना आमची आग्रहाची विनंती आहे, की गाळपाच्या आरंभीच प्रत्येक खोपीतील बालकाचे वजन करवून त्याचे नाव नजीकच्या अंगणवाडीत दाखल करवावे.