दुधात कुस्करलेली भाकरी

आमच्या घरात सध्या दोघीजणी दुधात भाकरी कुस्करून खातो. मी, कारण माझ्या दाढा केव्हाच गेल्या. आणि माझी सव्वीस वर्षांची नात, जिचे दात आता मोत्यांसारखे ओळीत आहेत!

तिचा खालचा जबडा मागे होता. आधी दीड वर्ष तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तारा. या ऑपरेशनात खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. ओबवेगेसर यांची ही पद्धत इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे काही कालचा प्रयोग नव्हे.

चेहरा सुरेख झाला. पण सहा महिन्यांनी कानापुढे कट्कट् वाजू लागलं. जांभई देताना कळ येई. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, हिची दोनच मावत. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, "ऑपरेशन उत्तम झालंय." संपलं!

मी जन्मभर मराठी शिकवलं. कविता बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला ती कळलीच असेल, असं नसतं. तसंच हे. दात जुळले म्हणजे सांधा सुखी झाला, असं नाही. कानापुढच्या त्या सांध्यात कूर्चेची एक छोटी चकती असते. हाड सरकलं की सांध्यावरचा भार बदलतो. काहींचा जुना त्रास कमी होतो, काहींना नवा सुरू होतो. क्वचित सांध्याचं हाडच झिजतं आणि जुळलेले दात पुन्हा उघडे पडतात. हा धोका तरुण मुलींना आणि जबडा बराच पुढे आणला असेल तर जास्त.

ऑपरेशन करू नका, असं मी म्हणत नाही. बोलताना, चावताना अडचण असलेल्यांना त्याने खरंच सुख मिळतं. माझं म्हणणं एवढंच, की आधी सांधा तपासा, हे सगळं साध्या भाषेत सांगा, आणि नंतर पेशंट दुखतंय म्हणाला तर एक्स-रे पुढे करून त्याला गप्प करू नका.

नात वैतागून म्हणाली, "आजी, पुन्हा ऑपरेशन करून टाकते." दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं. मऊ अन्न, शेक, व्यायाम, रात्री दातांवर प्लेट. जे मागे घेता येतं, ते आधी करायचं. मला ते पटलं.

परवा तिने बोटं घालून पाहिली. अडीच. भाकरी अजून दुधातच आहे, पण आता तुकडे जरा मोठे असतात.