‘अपने को कौन लेता है?’

मागच्या महिन्यात जुन्या नाशकात एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या मुलाला सहज विचारलं, "काय करतोस, बेटा?" म्हणाला, "बी.कॉम. झालं, चाचा. दोन वर्षं झाली. आता मामूच्या मोबाईलच्या दुकानात बसतो." किती ठिकाणी अर्ज केलेस, असं विचारल्यावर तो गप्प झाला. उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं, "अर्ज करके क्या फायदा? अपने को कौन लेता है?" आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

दुकानात बसण्यात कमीपणा नाही. आपल्या कितीतरी घरांच्या चुली दुकानावर आणि गॅरेजवर पेटतात. पण हा मुलगा दुकानात बसला तो आवडीने नव्हे, हार मानून. आणि ती हारही मैदानात उतरण्याआधीची.

त्याचे वडील खोटं बोलत होते का? नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या दोन अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं होतं फक्त नाव. काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. मुलाखत दूरच, चेहराही पाहिलेला नाही, नुसतं नाव वाचून हा निकाल. तेव्हा ‘भेदभाव वगैरे काही नसतं, तुमची पोरंच आळशी’ असं ज्यांना म्हणायचं आहे, त्यांनी आधी या आकड्याला उत्तर द्यावं.

पण माझं भांडण आज आपल्या माणसांशी आहे. हा अन्याय सिद्ध झाला कसा? हजारो अर्ज पाठवले गेले म्हणून. न केलेला अर्ज कुणी नाकारत नाही आणि न नाकारलेल्या अर्जाची नोंदही कुठे होत नाही. आपण घरी बसलो की ज्याला आपल्याला घ्यायचं नाही त्याचं काम फुकटात होतं. उलट तो सांगायला मोकळा, ‘तुमच्याकडून अर्जच येत नाहीत हो!’ ज्याच्या वाट्याला एक तृतीयांश संधी आहे, त्याने तिप्पट अर्ज करायला हवेत आणि तयारी वर्षभर आधी सुरू करायला हवी. हे न्यायाचं नाही, मला मान्य आहे. पण अन्यायाविरुद्ध ओरडतानाही हातात बायोडाटा असावा लागतो.

शिवाय सगळे दरवाजे सारखे नसतात. पोलीस शिपाई भरतीचं उदाहरण घ्या. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. लेखी परीक्षा मराठीत असते आणि त्यात मराठी व्याकरणही असतं. उत्तरपत्रिका तुमचं नाव बघून गुण देत नाही. पण उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला आपण मराठी व्याकरण कधी शिकवलं? मराठीला ‘त्यांची भाषा’ म्हणत राहिलो आणि पोराचे गुण आपल्याच हाताने कापले. ही भाषा आपलीही आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, तलाठी कार्यालयात, एमपीएससीच्या पेपरात तिच्याशिवाय पान हलत नाही.

दुसरा दरवाजा शिकाऊ उमेदवारीचा. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून अधिक माणसं आहेत, तिने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. यात फक्त आयटीआयवाले नाहीत, बी.ए., बी.कॉम.वालेही बसतात. सरकारी पोर्टलवर नोंदणी करता येते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. नाशिकमध्ये दोन मोठ्या एमआयडीसी असूनही आपल्या मोहल्ल्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या किती मुलांना हे माहीत आहे? मी विचारत असतो. बहुतेकांना ऐकूनही माहीत नसतं.

कॉलेजांनाही सोडणार नाही. फलकावर एक नोटीस चिकटवली आणि तीन वर्षांतून एकदा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिर घेतलं की तयारी झाली, असं त्यांना वाटतं. ज्याचा काका कंपनीत आहे त्याला तेवढं पुरतं. ज्याच्या घरातला हा पहिलाच पदवीधर आहे, त्याला बायोडाटा एका पानात कसा लिहायचा, ईमेल कसा करायचा, मुलाखतीत ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय बोलायचं, हे कुणी शिकवायचं?

आपणच शिकवायचं. आपल्यात शिक्षक आहेत, बँकेत काम करणारे आहेत, कारखान्यात सुपरवायझर आहेत. यातल्या प्रत्येकाने वर्षातून फक्त दोन मुलांचा हात धरला, तरी खूप आहे. जलशांसाठी आणि लग्नातल्या रोषणाईसाठी वर्गणी निघते. मग मशिदीशेजारच्या खोलीत रविवारी दोन तास मुलाखतीचा सराव का होऊ शकत नाही? त्यासाठी दोन खुर्च्या आणि एक टेबल लागतं. आणि मुलींना त्यात पहिल्या रांगेत बसवा. बारावीला चांगले गुण मिळवून त्या पदवीला जातात आणि आपण त्यांच्यासाठी नोकरीऐवजी स्थळ शोधायला लागतो.

आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून एक विनंती. कंपनीने नकार दिला तर पोरगा दुसऱ्या कंपनीत जाईल. बापानेच ‘अपने को कौन लेता है’ म्हटलं, तर तो कुठे जाणार?

त्या लग्नात मी त्या मुलाला माझा नंबर दिला आणि बायोडाटा पाठव म्हणालो. परवा आला. चार पानांचा, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेला. या रविवारी आम्ही दोघं बसून तो एका पानाचा करणार आहोत. सोमवारी पहिले दहा अर्ज जातील. नकार आले तर तेही लिहून ठेवू. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की तुमची पोरं अर्जच करत नाहीत, तर ती यादी त्याच्यासमोर ठेवता येईल.