मिरवणूक जिथे थांबायची

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत तुम्ही कधी नाचला आहात का? नाचला नसाल, तरी कडेला उभं राहून बघितलं नक्कीच असेल. मुंबई-पुण्यातच कशाला, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे मराठी माणसानं गणपती बसवला, तिथे हे दृश्य दिसतंच. बँडवाले जुनं गाणं धरतात आणि गर्दीतून एक काका पुढे येतात. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. ते उड्या मारत नाहीत. कोपरं थोडी वर उचलतात, हात सैल सोडतात, पाय जागच्या जागी जेमतेम हलवतात आणि ओठांवर मिस्कील हसू आणतात. लगेच कुणीतरी ओरडतं, ‘वा काका, एकदम भगवानदादा!’

तर आज त्या भगवानदादांच्या शेवटच्या घराविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

त्यांची गोष्ट आपल्याला दोन पत्त्यांत सांगायची सवय आहे. पहिला पत्ता जुहूचा. समुद्राकडे तोंड केलेला २५ खोल्यांचा बंगला आणि दारात सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक. दुसरा पत्ता दादरचा. लल्लूभाई मॅन्शन नावाची चाळ आणि तिच्यात दोन खोल्या. सांगणारा इथे थांबतो, उसासा सोडतो आणि म्हणतो, ‘बघा, कुठून कुठे आला माणूस!’ ऐकणारेही माना डोलावतात.

मला मात्र नेहमी वाटतं, की या गोष्टीची सुरुवातही आपण विसरतो आणि शेवटही पुरता ऐकत नाही.

गिरणी कामगाराचा मुलगा

भगवान आभाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील कापड गिरणीत कामाला. मुलगा वाढला तो मुंबईच्या दादर-परळ भागात, गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या वस्तीची सकाळ आणि रात्र ठरायची, तिथे. अंगमेहनतीची कामं केली, कुस्तीचा नाद लागला, आणि सिनेमाचं वेड तर त्याहून मोठं. मूकपटांच्या अखेरच्या काळात पडद्यावर छोटी कामं मिळू लागली. १९३८ साली ‘बहादूर किसान’ या चित्रपटाचं दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासोबत केलं.

पुढची दहा-बारा वर्षं ते मारामारीचे, कमी खर्चाचे चित्रपट काढत राहिले. असा एक चित्रपट ६५ हजार रुपयांत पुरा करायचा. त्यासाठी कपडेपटाची सोय, कलाकारांचं जेवणखाण, सगळं स्वतः बघायचं. हे चित्रपट बघायला बंगलेवाले येत नव्हते. दिवसभर राबून संध्याकाळी खिशातली चिल्लर मोजत तिकीट काढणारे कामगार यायचे. त्यांना पडद्यावर आपल्यातलाच एक गडी दिसायचा. ‘भगवान’ला ‘दादा’ लागलं, ते याच मंडळींच्या जगात.

मधल्या काळात त्यांनी ‘वनमोहिनी’ नावाचा एक तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. पुढे स्वतःची संस्था काढली आणि चेंबूरमध्ये जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलानं स्टुडिओ बांधावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

‘अलबेला’

१९४९ साली त्यांचा ‘भेदी बंगला’ आला. रहस्यानं भरलेला, घाबरवणारा. तो पाहून राज कपूर यांनी त्यांना एखादा कौटुंबिक विषय घ्यायला सुचवलं. भगवानदादांनी ते मनावर घेतलं आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. समोर गीता बाली. संगीत जुन्या मित्राचं, सी. रामचंद्र यांचं. गाणी राजेंद्र कृष्ण यांची.

जरा विचार करा. देव आनंद, राज कपूर, दिलीपकुमार यांचा तो काळ. आणि इथे नायक कोण, तर बुटका, गुटगुटीत, गोल चेहऱ्याचा माणूस, ज्याला कुणी देखणा म्हणणार नाही. पण तो नाचू लागला की नजर हटत नसे. नाच इतका सोपा, की बघणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर मलाही जमेल! त्या नाचाची सगळी जादू यातच आहे. पुढे अमिताभ बच्चन, गोविंदा यांच्या नाचात लोकांना भगवानदादा दिसले ते उगाच नाही. ‘भोली सूरत’ आणि ‘शोला जो भडके’ ही गाणी आजही लागली, की घरातलं सहा महिन्यांचं बाळसुद्धा मान हलवतं.

‘अलबेला’ची कथा आठवते का? प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा. नाटकाचं वेड. पैशांवरून घरात बोलणी बसतात आणि तो घर सोडतो. नाव कमावतो, पैसा कमावतो, घरी पैसे पाठवत राहतो. पण ते पैसे घरापर्यंत पोचतच नाहीत. तो परततो, तेव्हा आई राहिलेली नसते. गाण्यांच्या आणि हशाच्या खाली हे एवढं दुःख आहे त्या चित्रपटात. पैसा मिळाला, पण ज्यांच्यासाठी मिळवला ते घर हातातून निसटलं, अशी ती गोष्ट.

‘अलबेला’ धो धो चालला. त्या पैशांतून जुहूचा थाट उभा राहिला.

बंगला गेला तो असा

यश मिळालं, की माणसाला वाटतं तेच पुन्हा करावं. तीच जोडी, तेच संगीतकार घेऊन १९५३ साली ‘झमेला’ आला. ‘अलबेला’ची सर त्याला आली नाही. पुढे ‘लाबेला’ पडला. किशोरकुमार यांना घेऊन ‘हंसते रहना’ सुरू केला, त्यात स्वतःचा पैसा घातला, आणि तो पुराच झाला नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी छोटा-मोठा धंदा केला आहे, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पडलेला चित्रपट निदान थोडे पैसे परत देतो. अर्धवट राहिलेला चित्रपट काहीच देत नाही. सेटचं भाडं, फिल्म, कलाकारांचे हप्ते, सगळं देऊन झालेलं असतं आणि विकायला हातात काही नसतं. घेतलेल्या कर्जाचं व्याज मात्र दर महिन्याला दारात उभं असतं. अशा वेळी माणूस आधी दागिने बघतो, मग गाडी, मग घर. भगवानदादांचा बंगला गेला, गाड्या गेल्या. गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या कितीतरी जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या. म्हणजे पैसा तर गेलाच, आयुष्यभराच्या कामाची खूणही गेली.

नंतर ते मिळतील ती कामं करत राहिले. कधी दोन मिनिटांचं दृश्य, कधी नाचणाऱ्या घोळक्यात चार पावलं. एके काळी ज्याच्या नावावर चित्रपट चालायचा, तो माणूस नव्या पोरांच्या मागे उभा राहून तोच आपला नाच करत होता. यात लाज कसली? काम होतं, केलं. पण बघणाऱ्यांच्या पोटात तुटत असणार, हेही खरं.

दोन खोल्यांचं घर

आणि राहायला होतं दादरचं लल्लूभाई मॅन्शन.

मुंबईबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी चाळ म्हणजे काय ते सांगायला हवं. एक लांब गॅलरी आणि त्या गॅलरीत ओळीनं दारं. दिवसा दारं सहसा उघडीच. शेजारच्या घरात आज फोडणी कशाची, हे तुमच्या घरात कळतं. तुम्ही खोकलात तर तिसऱ्या खोलीतल्या काकू आल्याचा काढा घेऊन येतात. भांडणं होतात आणि संध्याकाळपर्यंत मिटतात. आजच्या सिताऱ्यांच्या खासगी आयुष्याभोवती उंच भिंती, फाटक आणि रखवालदार असतात. चाळीत ‘खासगी’ हा शब्दच फारसा चालत नाही.

म्हणून चाळीचं फार कौतुकही करायला नको. म्हातारपणी हात आखडता असणं, दोन खोल्यांत संसार मांडणं, आणि वर लोकांनी ‘हेच का ते?’ म्हणून बघणं, हे सोपं नसतं. ज्यानं २५ खोल्या पाहिल्या आहेत, त्याला तर अजिबात नाही. माणसंही पांगली. यशाच्या दिवसांत मागे-पुढे करणारे बहुतेक जण या दाराशी फिरकले नाहीत.

पण तिघं येत राहिले. सी. रामचंद्र, विनोदी अभिनेते ओम प्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण. हे तिघंही आपापल्या जागी मोठे होते. त्यांना भगवानदादांकडून आता काही मिळणार नव्हतं. तरीही ते चाळीचे जिने चढून यायचे. सी. रामचंद्रांना तर सुरुवातीच्या काळात भगवानदादांच्याच चित्रपटांनी हात दिला होता. ही ओळख त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

मग काळानं त्यांनाही नेलं. गीता बाली तर १९६५ सालीच गेल्या होत्या. १९८२ साली सी. रामचंद्र गेले, १९८७ साली राजेंद्र कृष्ण, १९९८ साली ओम प्रकाश. ‘अलबेला’चा तो नाचरा नायक मागे राहिला.

आणि आता गोष्टीचा तो शेवट, जो आपण ऐकायचं विसरतो.

दर वर्षी गणपतीची मिरवणूक या चाळीवरून जायची. चाळीसमोर आली की थांबायची. बँडवाले ‘भोली सूरत’ वाजवायचे. आणि भगवानदादा बाहेर येऊन आपली ती चार पावलं टाकायचे. ही आठवण कितीतरी वेळा छापून आली आहे. दर वेळी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता उभा राहतो. गुलाल उडतो आहे, पोरं खांद्यावर बसली आहेत, आणि एक म्हातारा माणूस कोपरं थोडी वर करून हसतो आहे.

त्या गर्दीत कोण असायचं? कामगार, फेरीवाले, कारकून, बायाबापड्या. म्हणजे तीच माणसं, ज्यांच्या चिल्लरवर त्यांचे पहिले चित्रपट चालले होते. त्यांना ‘लाबेला’ पडला याच्याशी देणंघेणं नव्हतं. जुहूच्या बंगल्यासमोर बाप्पाची पालखी थांबल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. या चाळीसमोर थांबत होती.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरीच हृदयविकाराच्या झटक्यानं भगवानदादा गेले. वयाच्या ८९व्या वर्षी. पुढे २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. नव्या पिढीला या निमित्तानं का होईना, तो नाच कुणाचा ते कळलं.

आता तुमच्या-आमच्या घरातलं

या गोष्टीतून दोन गोष्टी घ्याव्यात असं मला वाटतं.

पहिली व्यवहाराची. स्वप्नात पैसा घाला, जरूर घाला. पण डोक्यावरचं छप्पर त्या स्वप्नाला गहाण टाकू नका. भगवानदादांसारख्या कसलेल्या माणसाला, ६५ हजारांत चित्रपट बसवणाऱ्या माणसालाही यशानंतर हा हिशेब सांभाळता आला नाही. घरातल्या कर्त्या मुला-मुलींशी हे एकदा मोकळेपणानं बोला.

दुसरी जरा अवघड आहे. तुमच्या ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचे दिवस फिरले. धंदा बुडालेले मामा असतील, मोठ्या घरातून भाड्याच्या खोलीत गेलेल्या काकू असतील, किंवा निवृत्तीनंतर कुणी न विचारणारे तुमचे जुने साहेब. त्यांच्याकडे जाणं आपण टाळतो. वाईट मनानं नाही टाळत. काय बोलायचं ते सुचत नाही, त्यांना ओशाळं वाटेल अशी भीती वाटते. आणि असं टाळता टाळता वर्षं जातात.

त्यांना तुमच्या सहानुभूतीची फारशी गरज नसते. आपल्याला जे उत्तम येत होतं ते कुणाच्या तरी लक्षात आहे, एवढं कळलं तरी त्यांना पुरतं. मिरवणुकीतल्या त्या बँडवाल्यांनी भगवानदादांना ‘कसं चाललंय?’ असं विचारलं नाही. त्यांनी त्यांचं गाणं वाजवलं. काकूंकडे गेलात, तर त्यांच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढा. साहेबांना विचारा, ती अडलेली फाइल तुम्ही कशी सोडवली होती हो?

यंदा तुमच्या गल्लीतून मिरवणूक निघेल, तेव्हा एकदा मान वर करून गॅलऱ्यांकडे, बाल्कन्यांकडे बघा. कुणी आजी-आजोबा कठड्याला धरून उभे असतील. त्यांच्या घराखाली दोन मिनिटं थांबा, बँडवाल्यांना त्यांच्या काळातलं एखादं गाणं वाजवायला सांगा. आणि त्यांचा हात किंचित जरी हलला, तरी खालून जोरात टाळ्या वाजवा.