वाण, आहेर की नजराणा?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की अमरावतीच्या जवाहर गेटात आणि अकोल्याच्या गांधी रोडवर पाय ठेवायला जागा राहत नाही. घरच्यांचे कपडे, किराणा, पणत्या हे सगळं तर असतंच. पण नोकरी-धंदा करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये आणखी एक चिठ्ठी असते. साहेब, बाजूच्या टेबलावरच्या मॅडम, नेहमीचे दहा-बारा गिऱ्हाइकं, माल उधारीवर देणारा शेठ. या सगळ्यांना काय द्यायचं? आणि किती रुपयांचं?

माझी एक मैत्रीण अकोल्यात पोस्टाच्या आरडीचं काम करते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट. उन्हातान्हात स्कुटीवर फिरून महिन्याचे हप्ते गोळा करते. मागच्या दिवाळीत तिनं पन्नास गिऱ्हाइकांना स्टीलचे डबे वाटले. एक डबा अडीचशे रुपयांचा. मी म्हटलं, "अगं, इतका खर्च कशापायी?" तर म्हणाली, "अवं, काही देल्लं नाही त लोकं म्हनतीन, बाई मोठी कंजूस हाये. दुसरीकडं जातीन."

आम्ही दोघींनी कागद-पेन घेतला. या कामात एजंटला ४ टक्के कमिशन मिळतं. महिन्याला हजार रुपये भरणाऱ्या गिऱ्हाइकामागे तिला ४० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८० रुपये सुटतात. त्यातले २५० डब्यात गेले. पेट्रोल वेगळंच. त्या गिऱ्हाइकासाठी ती जवळपास सहा महिने फुकट फिरली! आणि तो डबा? तो बहुतेक घरी माळ्यावर चढला असेल, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून गेला असेल.

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागानं आदेश काढला, की दिवाळी आणि इतर सणांच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. मंत्रालयांना, विभागांना सगळ्यांना लागू. काटकसर हे कारण सांगितलं गेलं. सरकारलाही भेटींच्या खर्चाला लगाम लावावा वाटतो, मग चाळीस रुपये कमावणाऱ्या बाईनं विचार करायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, आपल्याकडे देण्या-घेण्याला तीन वेगवेगळे शब्द आहेत. आहेर, वाण आणि नजराणा. आहेराची वही असते. कोणी किती दिले ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं, की तेवढं फेडायचं. नजराणा खालून वर जातो. त्यात मान कमी आणि काम जास्त असतं. वाणाची गोष्ट निराळी. संक्रांतीला आपण वाण लुटतो ते सगळ्यांना सारखं. कलेक्टरच्या बायकोला वेगळं आणि शेजारणीला वेगळं, असं आपण करत नाही. वस्तू लहान असते, वापरायची असते आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. (विधवा बायांना त्यातून वगळलं जायचं, तो या रीतीवरचा डाग. आता बऱ्याच जणी सगळ्यांना बोलावतात, ते चांगलंच झालं.)

ऑफिसातली आणि धंद्यातली भेट या तिघांपैकी कोणती, हे आधी स्वतःला विचारावं. घोळ होतो तो इथंच. आपण वाण म्हणून देतो, समोरचा आहेर समजून घेतो आणि बघणारा त्याला नजराणा म्हणतो.

नजराण्याच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. सरकारी नोकरांना भेटी घेण्यावर बंधनं आहेत. केंद्राचे वर्तणूक नियम १९६४ चे आणि महाराष्ट्राचे १९७९ चे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा २०१८ मध्ये बदलला, तेव्हापासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. तेव्हा ज्या टेबलावर आपली फाइल पडून आहे, त्या टेबलावर मिठाईचा डबा ठेवायला जाऊच नये. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत, हा नियम २००९ मध्ये झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की अशा भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरातून वजा करता येणार नाही. कारण साधं आहे. त्या भेटीची किंमत शेवटी पेशंटच्या बिलातून निघते. विमा एजंट बहिणींनीही एक लक्षात ठेवावं. पॉलिसी काढण्यासाठी आपल्या कमिशनातले पैसे गिऱ्हाइकाला परत देणं १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं मना केलं आहे. "ताई, पहिला हप्ता तुम्हीच भरा," असं कोणी म्हटलं, तर हे कलम सांगून मोकळं व्हा.

दुसरं दुखणं वर्गणीचं. साहेबांची बदली झाली, की कागद फिरतो. प्रत्येकी पाचशे. पंचवीस-तीस हजारांत घर चालवणारी शिपाई बाईही सही करते, कारण तिच्या वर सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात. मीही एका ऑफिसात अशी सही केलेली आहे, मनातल्या मनात चरफडत. पुढं वाचनात आलं, की केंद्र सरकारच्या १९६४ च्या नियमांत यावर चक्क बंदी आहे. वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क आणि ड गटातल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घ्यायची नाही आणि निरोप समारंभाच्या वर्गणीसाठी कोणावर दबाव आणायचा नाही. आपलं ऑफिस खासगी असलं, तरी हा नियम उचलायला कोणी अडवलं आहे? कागदाऐवजी बंद डबा ठेवावा. ज्याला जे वाटेल ते त्यानं टाकावं. नावं नाहीत, आकडे नाहीत.

मग द्यायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. वर्षभर सोबत काम करणाऱ्या माणसाला आठवणीनं काही द्यावं, यात गोडवा आहे. फक्त ते त्या माणसासाठी निवडलेलं असावं. पन्नास जणांना पन्नास सारखे डबे देताना आपण एकाचाही विचार केलेला नसतो. ज्यांना शुगर आहे, त्यांना काजूकतली कशाला? मुस्लिम मैत्रिणीला दिवाळीचा फराळ आवडतो, पण तिची ईद आपल्या लक्षात राहिली, तर तिला त्याहून जास्त आवडेल. बौद्ध सहकाऱ्यांसाठी अशोक विजयादशमी आहे, चौदा एप्रिल आहे. त्या दिवशी दिलेलं एखादं पुस्तक वर्षानुवर्षं घरात राहतं.

आणि वस्तूंसाठी मुंबई-दिल्लीकडे कशाला पाहायचं? आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? वरूड-मोर्शीची आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात यायला लागतात. डझनभर संत्री टोपलीत घालून द्या, घरातली पोरं खुश. अकोला तर दालमिलचं गाव. संक्रांतीच्या आसपास नवी तूर येते, तेव्हा किलोभर डाळ सुती पिशवीत घालून दिली, तर ती माळ्यावर चढणार नाही, थेट शिजेल. पिशवी बचत गटाच्या बाईकडून शिवून घ्या. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहेच. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे इथल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रानं कोरकू कारागिरांच्या हातच्या बांबूच्या वस्तू आणि राख्या दूरदूर पोचवल्या. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. अशा हातांची वस्तू टेबलावर ठेवली, की तिच्यासोबत एक गोष्टही पोचते. सप्टेंबर २०२५ मध्ये हस्तकलेच्या अनेक वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही फायदाच.

ज्यांचा पगार आपल्यापेक्षा कमी, त्यांच्यापासून यादी सुरू करा. ऑफिस झाडणारी मावशी, रात्रीचा चौकीदार, पाण्याच्या कॅन वर चढवणारा पोरगा. साहेबांकडे दहा डबे येतात, या लोकांकडे बहुधा एकही नाही.

माझ्या मैत्रिणीनं यंदा डबे घ्यायचे नाहीत, असं ठरवलं आहे. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला घरी जाऊन एक कागद देणार. त्यावर तिच्या अक्षरात त्यांची आतापर्यंतची शिल्लक, आरडी पिकायची तारीख आणि खाली एक ओळ, 'तुमच्या पोरीच्या शिक्षणासाठी इतके जमले, अभिनंदन.' सोबत घरची चार अनारसे. खर्च वीस-पंचवीस रुपये.

"लोकं नाव ठेवतीन का वं?" तिनं विचारलं.

एखाद-दोघं ठेवतीलही. पण बाकीचे तो कागद पासबुकात जपून ठेवतील, असं मला वाटतं. डब्याच्या नशिबी ते नव्हतं.