दोन हिरवे रंग

अभ्यासाच्या खोलीस रंग द्यावयाचा झाला म्हणजे पिस्तई घ्यावा कीं फिका पोपटी, असा वाद घरांत उभा राहतो. दुकानांतील रंगपत्रिकेवर हे दोन चौकोन शेजारीं शेजारीं असतात. वडील एकावर बोट ठेवितात, चिरंजीव दुसऱ्यावर, आणि दोघांसही भेद मोठा वाटतो. वास्तविक शेजारीं ठेविलेले रंग एकमेकांतील भेद वाढवून दाखवितात. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यांतील रंगखात्याचे प्रमुख शेव्रल यांनीं १८३९ सालीं या एका गोष्टीवर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला.

म्हणून रंगपत्रिकेवरून निवाडा करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. हातभर लांबरुंद अशा दोन पुठ्ठ्यांवर ते रंग दोनदां लावून पूर्ण वाळूं द्यावे, आणि एका वेळीं एकच पुठ्ठा भिंतीशीं उभा करून सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर पाहावा. उन्हांत जुळे भाऊ वाटणारे रंग दिव्याखालीं परके होतात. कारण त्यांतील रंगद्रव्यें निराळीं असलीं तर प्रकाश बदलतांच त्यांचें वागणेंही बदलतें. शिवाय चार भिंती एकमेकींवर आपला रंग फेंकतात, त्यामुळें खोलींत तो पुठ्ठ्याहून गडद भासतो. तेव्हां दोहोंपैकीं जो अधिक फिका, तो घ्यावा.

हिरव्यानें डोळे निवतात अशी एक समजूत आहे. आमचा तिच्यावर फारसा विश्वास नाहीं. वाचणाऱ्यास उजेड हवा, आणि तो फिकी भिंत अधिक परत करिते, एवढेंच.

पण डब्यांत काय आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. शेले या रसायनशास्त्रज्ञानें १७७५ सालीं शोधिलेल्या हिरव्यांत सोमल होता, आणि पुढील शतकांत युरोपांतील घरांच्या भिंतींवर चिकटविलेल्या कागदांत तोच रंग शोभत होता! दुसरा एक, क्रोम हिरवा, शिसें असलेल्या पिवळ्यांत प्रशियन निळा मिसळून करीत. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला. त्यापूर्वीं रंगविलेल्या दारांखिडक्यांस तो कोठून ठाऊक असणार? म्हणून पालकांनीं जुना रंग कोरडा खरवडूं देऊं नये. तो आधीं ओला करावा, मुलांस दूर ठेवावें, आणि खालीं पडलेली पूड केरसुणीनें न उडवितां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. पिस्तई कीं पोपटी, हें मग सावकाश ठरवितां येईल.